बारावी देवता आणि तुझं पानक

मल्लेश्वरम, बेंगळुरू

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून लेखी घालतोय. कागदावर तरी पूर्ण आडवा झालोय असं समज.) तुझं बी.पी., भावोजींचे दात आणि धारवाडच्या घरामागचा फणस, तिघांचीही खुशाली कळव. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू फोन भावोजींच्या हातात देतेस आणि ते हवामान सांगून ठेवून देतात. धारवाडचं अकरा वर्षांचं हवामान मला तोंडपाठ झालंय. म्हणून पत्र. मागचं उकरून काढायचा हेतू अजिबात नाही. ती रामनवमी, तू केलेलं गुळाचं पानक, माझ्या कारखान्याचे साहेब पाहुणे म्हणून आलेले, मी एक घोट घेऊन सगळ्यांदेखत ‘मिरी जास्त, नापास’ म्हणालो आणि तू भरलं पातेलं तसंच टाकून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस, यातला एकही शब्द या पत्रात यायचा नाही.

तर आपला शंतनु, सूनबाई सुखदा आणि आर्या जूनपासून पुणं सोडून माझ्याकडे राहायला आलेत. (शंतनुची कंपनी बदलली. ही कंपनी नेमकं काय करते ते मी दोनदा विचारलं, आता त्यालाही शंका यायला लागली आहे.) मोठ्यांचं बरं चाललंय. पण आर्या चौदा वर्षांची, मैत्रिणी सगळ्या तिकडे राहिल्या, इथे शाळेत मधल्या सुट्टीत सगळं कन्नड. पोरगी जी गप्प झाली ती झालीच. ‘हो’, ‘नको’ आणि ‘चालेल’ या तीन शब्दांवर तिनं अख्खी दिवाळी काढली. एकतीस वर्षं बोम्मसंद्र्याला बेअरिंगं तपासली, कुठल्या बेअरिंगचा आवाज बिघडलाय ते मी डोळे मिटून सांगायचो, पण घरातल्या पोरीचा आवाजच बंद झाला तर काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मला फार वाईट वाटायचं, अक्का.

आणि जानेवारीत एक दिवस तिनं आपण होऊन विचारलं, “आजोबा, इथे लोक काय काय पितात?” मी घाबरून सुखदाकडे पाहिलं. पण भानगड वेगळी होती. जपानी कार्टून असतात ना (कार्टून म्हणायचं नाही, ॲनिमे म्हणायचं, मी एकदा चुकलो आणि पुन्हा दोन दिवस ‘चालेल’वर आलो), त्यांतलं एखादं जग आवडलं की त्यात आपली पात्रं सोडून पुढची गोष्ट आपण लिहायची. याला फॅन फिक्शन म्हणतात. आर्याच्या त्या जगात विश्वाचा संहार करणारे महाबलाढ्य देव असतात आणि रिवाज असा की त्यांची नावं पेयांवरून ठेवायची, जराशी वाकवून. दारूची सगळी नावं जगभरच्या पोरांनी आधीच वापरून टाकलेली. त्यामुळे हिला बारा देव हवे होते, नवे कोरे. शिवाय तिचा स्वतःचा एक नियम: जे पेय स्वतः चाखलं नाही त्याचा देव करायचा नाही. हा नियम ऐकून माझ्यातला इन्स्पेक्टर निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी उठून बसला. सँपल न तपासता शिक्का मारायचा नाही, हेच तर मी जन्मभर सांगत आलो.

मी लगेच तपासणीचा तक्ता आखला. पेय, चव, ताकद, स्वभाव, नंतरचे परिणाम, असे रकाने. मग आम्ही दोघं रोज संध्याकाळी बाहेर. गोळी सोड्याचा झाला ‘गोलिसोदान’, उघडेपर्यंत शांत आणि उघडला की आकाशगंगा फुटते. नाचणीच्या आंबिलीचा ‘आंबिलोर’, दिसायला गरीब, पण त्याच्याशी लढणाऱ्याला दुपारपर्यंत भूकच लागत नाही. शहाळ्याचा देव डोक्यावर कोयत्याचा वार झाल्याशिवाय बोलतच नाही. आणि आपली बाय-टू कॉफी! एक कप मागवून दोघांत वाटून घ्यायची ही पद्धत आर्याला माहीतच नव्हती. तिचे झाले जुळे देव, प्रत्येकात निम्मी ताकद, एकटा कुणाच्या कामाचा नाही, एकमेकांसमोर बसले की मात्र अजिंक्य. (कषायाच्या, म्हणजे इथल्या काढ्याच्या, दिवशी मी तीन दुकानांतून नमुने घेतले. नंतरच्या परिणामांचा रकाना पुरला नाही. मागच्या पानावर लिहावं लागलं.) हे सगळं ती इंटरनेटवर टाकते, सहाशे वाचक आहेत तिला. फिलिपिन्समधली एक मुलगी तर गोलिसोदानच्या प्रेमात पडली आहे.

आता भीमाचार्यांचं ऐक. आमच्या गल्लीतले, रामनवमीचा मंडप तेच बघतात. वर्गणीला म्हणून आले आणि हॉलच्या भिंतीवरचा तक्ता पाहून थबकले. अकरा देवता, त्यांचे स्वभाव, कोप, नैवेद्याला कुठलं पेय, सगळं सुवाच्य अक्षरात. इतक्या लहान वयात एवढा देवतांचा अभ्यास, म्हणून ते वर्गणी विसरून कौतुकच करत बसले. मी खुलासा करणार होतो, पण नातीचं कौतुक ऐकताना माणसाला मध्येच तोडवत नाही, तुला माहीत आहे. व्हायचं तेच झालं. रामनवमीला मंडपात, दोनशे माणसं हातात पानक आणि कोसंबरीचे, म्हणजे मूगडाळीच्या कोशिंबिरीचे, द्रोण घेऊन बसलेली, आणि भीमाचार्यांनी माइकवर जाहीर केलं की कुमारी आर्या आता देवतांवर प्रवचन करतील.

मला वाटलं, संपलं. आता ही पोरगी आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही. ती उभी राहिली, माइक धरला, माझ्याकडे असं पाहिलं की मी द्रोणात तोंड घातलं. आणि मग अक्का, ती बोलली! पंधरा मिनिटं, मराठी, इंग्रजी आणि मोडकं कन्नड घालून, गोलिसोदाननं तिसरं विश्व कसं उडवलं ते हात उडवून सांगितलं. पुढच्या रांगेतल्या आज्यांनी आंबिलोरला हात जोडले. खाली उतरली तर समोरच्या घरातली सुप्रीता धावत आली (नऊ महिने समोरासमोर राहून दोघी एक अक्षर बोलल्या नव्हत्या) आणि म्हणाली, “सहाशेतली एक मी आहे.” आता दोघी रोज कोपऱ्यावर बाय-टू घेऊन बसतात आणि मला चुकूनही बोलावत नाहीत. मला आनंदानं रडू आलं, सांगून टाकतो. भीमाचार्य एवढंच म्हणाले, “देवता स्वल्प नवीन आहेत, त्रिविक्रमराव. पण कडक आहेत.”

राहिला बारावा देव. तो नव्हे, ती; देवता. सगळ्यांत बलाढ्य, जिच्यापुढे बाकीचे अकरा चळाचळा कापतात. आर्यानं तिच्यासाठी पानक धरलं होतं. त्याच रामनवमीला आम्ही मल्लेश्वरमचे सात मंडप पालथे घातले, पण प्रत्येक ठिकाणी घोट घेऊन ती मान हलवायची. नुसतं गोड आहे आजोबा, याला कोण घाबरणार? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की खरं पानक तुझ्या आत्याआजीचं, आधी गूळ, मग वेलची, आणि आपण निर्धास्त झालो की मागून मिरी येते आणि कान पेटतात. झालं. ती आत्याआजी कुठे आहे, इथे का येत नाही, सगळं तिनं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर तिनं वही मिटली. चाखल्याशिवाय देव नाही, म्हणून शेवटचं प्रकरण बंद, सहाशे वाचक खोळंबलेले. मी स्वतः करून पाहिलं. शंतनुला तासभर उचकी लागली आणि सुखदानं उरलेलं बाटलीत भरून ‘खोकल्यासाठी’ अशी चिठ्ठी लावली.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
त्रिविक्रम

ता. क. पानकाची कृती लिहून पाठवू नकोस. आर्या म्हणते कागद चाखता येत नाही. तू ये. यशवंतपूरला उतर, मी स्टेशनवर येतो. मिरी मात्र तुझीच आण, इथल्या मिरीवर माझा विश्वास राहिला नाही.

ता. क. २. मागचं काढायचं नव्हतं, पण काढतो. त्या दिवशी साहेबांना ठसका लागला आणि मला लाज वाटली, म्हणून मी नापास म्हणालो. तू गेल्यावर पातेल्यातलं तीन लोटे पानक मी स्वयंपाकघरात उभ्यानं प्यायलो. असं पुन्हा कधी मिळालं नाही. माझं चुकलं, अक्का. हे अकरा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

ता. क. ३. हे पत्र आर्यानं वाचलं. अकरावा देव मी मुद्दामच सांगितला नव्हता, तिनं सांगायला लावलाय. फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनचा ‘डिकोक्षन’, काळा, कडू, हातात शिक्का घेऊन स्वर्गाच्या दारात बसतो आणि येईल त्याला नापास करतो. वाचकांत त्याच्याबद्दल फार राग आहे. शेवटच्या प्रकरणात त्यानं बाराव्या देवतेला साष्टांग नमस्कार घालायचा आहे, आणि तोही आधी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ती लिहिणार नाही. लेखी चालत नाही म्हणाली. मी कालपासून गुडघ्याला तेल चोळायला घेतलंय. गाडी कुठली ते कळव.