अंगावर येणारा ससा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी सकाळपासून तुमच्याशी भांडते आहे. भाजी चिरताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना, तोंडातल्या तोंडात. मघाशी आई स्वयंपाकघरात डोकावून गेली. "कोनाशी बोलून राहिली बाई?" मी म्हटलं, कोणाशीच नाही. ती गेली तशी कागद घेऊन बसले. तुम्ही असतात तर तोंडावर बोलले असते की नाही, ठाऊक नाही. तुमच्यासमोर आवाज चढवायची या घरात कोणाला सवयच नव्हती. सवय नव्हती असं तरी कशाला म्हणू, मुभाच नव्हती.

सुरुवात एका सशापासून करावी लागेल. तुमची नात शिकायला पुण्याला गेली आणि जाताना तिचा ससा आमच्या गळ्यात टाकून गेली. करड्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, भारी गरीब जीव. आई खाली बसून वाटाणे सोलायला लागली की हा तिच्या मांडीला टेकून बसायचा आणि ती एका हातानं त्याच्या कानामागे खाजवत राहायची. दिवाळीनंतर तो बदलला. जवळ गेलं की गुरगुरायचा, मागचे पाय जमिनीवर आपटायचा, उचलायला हात घातला की अंगावर यायचा. ठरलेल्या कोपऱ्यात मुतणारा प्राणी दिवाणाखाली, सतरंजीवर, वाटेल तिथे मुतायला लागला. एका दुपारी त्यानं आईचं बोट असं चावलं की रक्त थांबेना. मी बोटावर फडकं बांधत लेकीला फोन लावला आणि सांगितलं, हा आता घरात ठेवण्यासारखा राहिला नाही, कोणाला तरी देऊन टाकू. ती तिकडून रडायला लागली, "मम्मी, वो ऐसा नहीं है, प्लीज़." आणि इकडून आई म्हणाली, "देऊ नको. आधी त्याले काय झालं ते तं पाहू."

मग आईनं त्याच्यावर नजर ठेवली. गुडघे दुखत असतानाही ती भिंतीला टेकून जमिनीवर बसायची, हात मांडीवर ठेवून, त्याच्याकडे न सरकता. तिनंच पाहिलं की तो भुकेनं वाटीपाशी येतो, गाजराचा तुकडा उचलतो आणि टाकून देतो. हनुवटीखालचे केस ओले असतात. कोपऱ्यात पाठ वाकवून बसतो आणि दात करकरा वाजवतो. "हा रागात नाही बाई," ती म्हणाली. "त्याले कुठंतरी दुखून राहिलं."

आपल्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, समता कॉलोनीत, जनावरांचा एक दवाखाना आहे. तिथली डॉक्टर माझ्या लेकीपेक्षा फार मोठी नसेल. तिनं सशाला टॉवेलात गुंडाळलं, तोंडात बारीक दिवा घालून बराच वेळ पाहिलं आणि मला नि आईला जवळ बोलावलं. दाढा वाढून त्यांना सुईसारखी टोकं आली होती आणि ती त्याच्या जिभेत रुतत होती. जिभेच्या कडेला जखम झाली होती. "ये गुस्सा नहीं है दीदी, दर्द है," ती म्हणाली. सशाचे दात जन्मभर वाढतात, दिवसभर गवत चावून ते झिजावे लागतात, आणि आम्ही त्याला लाडानं बिस्किटं आणि गाजरं चारत होतो. ससा दुखणं लपवतो, कारण रानात दुखणं दिसलं की तो कोणाचा तरी घास होतो. लपवणं जमेनासं झालं की तो चावतो. म्हणून शांत जनावर एकाएकी अंगावर यायला लागलं तर त्याला शिक्षा करायची नाही, आधी दुखतंय कुठे ते शोधायचं. हे सगळं तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. तिला काय माहीत माझ्या शेजारी कोण उभं आहे.

त्याला भूल देऊन दाढा घासल्या, दुखण्याचं औषध दिलं. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. परत येताना रिक्षात आईच्या मांडीवर टोपली होती, टोपलीत ससा अर्धवट गुंगीत. तेलीबांधा तलावापाशी रिक्षा गर्दीत अडकली. आई टोपलीकडे पाहत बोलली, कोणाला ऐकवायला म्हणून नाही.

"याले बोलता येत नाही म्हणून याचं तोंड उघडून पाह्यलं. मले तं बोलता येत होतं."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हणजे काय. मी सांगत होती तुह्या बाबाले. पोटात दुखते, रगत थांबत नाही, चक्कर येते. कितीकदा सांगितलं. ते म्हणत, बायायचं असतेच असं."

बाबा, घरापर्यंत मी रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत राहिले. मी दहावीत असताना आई बदलली ते वर्ष मला आठवत होतं. कधी मोठ्यानं न बोलणारी बाई भांडी आपटायला लागली. मी मागून गळ्यात हात टाकला की ढकलून द्यायची. आमच्यासोबत ताटावर बसायची नाही, भर उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय पोटाशी घेऊन पडून राहायची. एका रविवारी तिनं मळलेल्या कणकेची परात तुमच्या पायापाशी फेकली. ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दारात उभे आहात, ड्यूटीचा निळा शर्ट अंगात, पायाशी कणीक. ती भिंतीला धरून उभी आहे आणि तिचे ओठ पांढरे आहेत. ओठ पांढरे आहेत बाबा, मला दिसतात, मग तुम्हाला कसे दिसले नाहीत? तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाटक बंद कर." मग माझ्याकडे वळलात. "तू तिच्याजवळ जाऊ नको. तुही आई आजकाल अंगावर येते." पाऱ्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना तुम्ही सांगितलंत की तिचं डोकं फिरलंय, आणि दोन दिवसांनी तिला गोंदियाच्या गाडीत बसवून दिलंत, भावाकडे, डोकं थंड करायला.

मामानं तिला नागपूरला नेलं. गर्भपिशवीत गाठी होत्या, अंगात रक्त उरलं नव्हतं. पिशवी काढली. ती परत आली ती हळू चालणारी, पुन्हा पूर्वीसारखी मऊ बोलणारी. तुम्ही शेजारच्या काकांना म्हणालात, "आता सुधारली." हाच शब्द, सुधारली. जशी काही ती वाया गेलेली पोर होती आणि मामानं तिला वळण लावून पाठवलं होतं.

हे सगळं असूनही मी तुम्हाला माफ केलं होतं, कारण मी तुम्हाला विचारलं होतं. लग्न ठरल्यावर, एका संध्याकाळी, धीर करून. तुम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालात, "तिनं सांगितलंच नाही बेटा. सांगितलं असतं तं नेलं नसतं का?" तुमचे डोळे भरले होते. मी तुमचा हात धरला आणि मनातल्या मनात आईलाच दोष दिला, की बाई, तोंड का नाही उघडलं. इतकी वर्षं मी तिच्या गप्प स्वभावाला दोष देत आले. नातेवाईकांत सांगत आले की आमची आई दुखणं लपवते. ती समोर बसून ऐकायची आणि एकदाही म्हणाली नाही की हे खोटं आहे.

आज तिला विचारलं, काहून नाही सांगितलं मला? ती सशासाठी दूर्वा निवडत होती. "तुले बाप पाहिजे होता ना," एवढंच म्हणाली.

तुम्हाला कळत नव्हतं असंही मी मानून घेतलं असतं. पण तुम्ही वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात आयुष्य काढलंत. रुळावरून जाणाऱ्या डब्याचा आवाज जरा वेगळा आला की मान वर करून सांगायचात, याच्या चाकाची बेरिंग गेली. लोखंड करकरलं तर त्यात काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला कोणी समजावून द्यावं लागलं नाही. लोखंडाला तुम्ही कधी म्हणाला नाहीत की नाटक करून राहिलं. आणि डॉक्टरचं दार तुम्हाला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझा कान ठणकत होता तेव्हा तुम्ही ड्यूटी सोडून आलात, मला सायकलच्या दांड्यावर बसवलंत, तात्यापाऱ्यातल्या दवाखान्यापर्यंत एका हातानं माझा कान झाकून धरलात वारा लागू नये म्हणून. आजवर ती माझी तुमच्याबद्दलची सगळ्यात लाडकी आठवण होती. आता ती आठवली की आणखी चिडते. तुमच्यात ते होतं. तुम्ही ते तिला दिलं नाहीत.

ससा आता बरा आहे. बिस्किटं बंद केली, दिवसभर त्याच्यापुढे सुकं गवत असतं, आणि आई रोज सकाळी मैदानातून दूर्वा खुडून आणते. डॉक्टरनं सांगितलंय, वरून झडप घालून उचलायचं नाही, खाली बसायचं, त्याला आपणहून येऊ द्यायचं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर वाट न बघता घेऊन यायचं. अजून माझा हात दिसला की तो मागे सरकतो. दुखणं गेलं तरी धाक जायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाली. आईजवळ मात्र काल येऊन बसला. तिनं हात लावला नाही, नुसती बसून राहिली.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. पण पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, बाबा. तुम्ही उत्तर दिलं असतं. भरल्या डोळ्यांनी, हळू आवाजात काहीतरी कारण सांगितलं असतं, मला बेटा म्हटलं असतं. आणि मला माहीत आहे, मी पुन्हा तुमचंच खरं मानलं असतं.