केबलची वायर

किशोर,

मी अचलपूरच्या गाडीनं तुह्या आत्याकडे जाऊन राहिलो. भाकरी-भाजी झाकून ठेवली आहे.

केबलचं अन् फोनचं, दोन्ही इंटरनेट एकत्र करायले तू जो डबा बसवला, त्याच्यावरचा केबलचा दिवा चार दिवसांपासून लागत नव्हता. तुहे नोकरीआधीच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ थेंब थेंब उतरत होते, अन् तू केबलवाल्याले रोज फोनवर बोलत होता. त्याची काही चूक नाही. वायर मीच ढिली करून ठेवली होती. त्याले तेवढं सांगून देजो.

दोन विहिरींचं पाणी एका हौदात सोडल्यासारखं आहे, असं तूच मले समजावलं होतं. हौद भरला की तू पुण्याले नोकरीवर जाणार, हे मले तवाच समजलं. यंदा कपाशी बोंडअळीनं नेली. इथं तुह्यासाठी काही नाही, मले माहीत आहे. तरी हात गेला.

आज सकाळी वायर पक्की बसवली. दोन्ही दिवे लागले. व्हिडिओ उतरले की निघजो, माही वाट पाहू नको.

लाइन मी एकही बंद करत नाही. पोळ्याले येशील तं लागतील.

बाबा