दिनकरच्या ग्लोव्हमधला आवाज

मोताळा, गुरुवार, संध्याकाळ

थप्प! शेजारणीनं गादी झोडपली आणि दिनकरचा चामडी ग्लोव्ह आठवला. मनात शाळेतली कविता म्हणत मी चेंडू टाकायचो. ओळ संपली की त्याच्या ग्लोव्हमध्ये थप्प!

त्याच जोरावर कापसाच्या जिनिंगवाल्यांनी मला सॉफ्टबॉलचा पिचर म्हणून नोकरीवर घेतलं. दोन हंगाम झाले, मग खांदा दुखू लागला. ते फक्त दिनकरला सांगितलं, तो माझे चेंडू झेलणारा कॅचर. आठवड्यात मॅनेजरनं संघातून काढलं, नोकरीवरूनही. दिनकर मात्र तिथंच हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. की माझा चेंडूच हलका पडत होता? ग्लोव्हमधला आवाजच चुगली करत होता? छे, दिनकरनंच मॅनेजरला सांगितलं. चाळीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. दिनकर! हातात काठी, काखेत तोच ग्लोव्ह.

"मीच सांगितलं होतं बे मॅनेजरले," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "मले वाटलं, एक हंगाम आराम देतीन तुले."

त्यानं ग्लोव्ह पुढे केला. मी तो मुद्दाम डाव्या हातानं घेतला. उजवा वर जात नाही, एवढं तरी त्याला दिसू दे.