गाळलेली सातवी ओळ

प्रिय घाईबाई,

अक्षर माझं नाही हे पाकिटावरूनच ओळखलं असशील. मी बोलतेय आणि नात लिहितेय. तिला बजावलंय, माझ्या तोंडातून पडेल ते तसंच उतरव, तुझं शहाणपण त्यात मिसळू नकोस. फोनवर तर तू सापडतच नाहीस. सकाळी केला की आई झोपलीय, दुपारी केला की आई झोपलीय. परवा संध्याकाळी तुझी लेकच कंटाळून म्हणाली, मावशी, आई झोपलीय असं सांगायला सांगितलंय. अगं, तीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात शेजारी बसलो. मी काजं केली, तू बटणं लावलीस. दुपारच्या सुट्टीतसुद्धा तुझा डोळा कधी लागला नाही, आणि आता आपण दोघी बसमध्ये पडलो तेव्हापासून साडेचार महिने सलग झोपतेयस? पत्राला काही झोपलेय म्हणून सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी खुशाली. माझं प्लास्टर निघालं. आतून हात निघाला तो इतका बारीक, की डॉक्टरांनी चुकून दुसऱ्या कुणाचा काढला की काय असं वाटलं. आता रोज रबरी चेंडू दाबायचा व्यायाम आहे. चेंडू सटकतो आणि कपाटाखाली जातो, मग कमरेचाही व्यायाम होतो. मनगट पावसाळी हवेत कुरकुरतं, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. तुझ्या गुडघ्याचं काय ते मात्र मला कुणी धड सांगत नाही.

तू लेकीकडे निघून गेलीस त्याच आठवड्यात बस कंपनीचा माणूस घरी आला होता, हे तुला ठाऊक नसेल. कडक इस्त्रीचा शर्ट, द्राक्षांची पेटी आणि एक कागद. शर्टाचं दुसरं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, तेव्हाच मी सावध झाले. आजी, औषधपाण्याचा सगळा खर्च आम्ही देतो, तुम्ही फक्त इथे अंगठा द्या, म्हणाला. मी म्हटलं, अंगठा प्लास्टरमध्ये आहे. तर म्हणतो, डावा चालेल. माझ्या डाव्या अंगठ्याची एवढी कदर जन्मात कुणी केली नव्हती! मी म्हटलं, आधी वाचून दाखवा, बोट ठेवून, सावकाश. मला अक्षर कळत नसलं तरी ओळ कळते. काजांच्या ओळी मोजण्यात आयुष्य गेलंय, एक चुकली तर मुकादम अख्खा गठ्ठा अंगावर फेकायचा ते तू विसरली नसशील. कागदावर ओळी नऊ होत्या. त्याचं बोट सहावीवरून निघालं ते थेट आठवीवर उतरलं. मी म्हटलं, साहेब, सातव्या ओळीचं काज राहिलं. तो म्हणाला, ते काही विशेष नाही हो आजी. मी नातीला स्वयंपाकघरातून हाक मारली. तिनं मोठ्यानं वाचलं, की हे पैसे घेतल्यावर या अपघाताबद्दल मी कंपनीकडे किंवा कोणत्याही कोर्टात कधीही काही मागणार नाही. तो माणूस दोन पेले पाणी प्यायला आणि उठला. द्राक्षं मी ठेवून घेतली. गोड होती.

मग आम्ही खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईकडे गेलो. जिच्या शाळेच्या गणवेशाला दर महिन्याला तू नवीन बटणं लावून द्यायचीस, तीच. आता मोठी वकील झालीय, पण कोटाचं एक बटण अजून लोंबतंय. मला वाटायचं, कोर्टात जायचं ते चोरांनी आणि भाऊबंदांनी. ती पोट धरून हसली. मग बोटांवर मोजत तिनं समजावलं. डॉक्टरचे कागद जपायचे, तिकीट जपायचं. कंपनीला लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. ते देतील ती भरपाई पटली तर घ्यायची, पण सातव्या ओळीसकट सगळं वाचून. नाही पटली तर अपघाताच्या दाव्यांचं वेगळं कोर्ट असतं. आपण म्हाताऱ्या आहोत, उभ्या होतो, म्हणून आपला हक्क जात नाही. मुदत मात्र सहा महिन्यांची, ती चुकवायची नाही. तिनं तिकीट मागितलं तेव्हा माझी फजिती झाली. दोघींची थांब्यावरच काढलेली तिकिटं नेहमीसारखी तुझ्या चष्म्याच्या डबीत, आणि तू झोपेत!

पण बसमध्ये कॅमेरा होता म्हणे. तिनं अर्ज करून ते चित्रण मिळवलं आणि गेल्या आठवड्यात मला दाखवलं. आपण दोघी पडद्यावर! तू जाड दिसतेस, वाईट वाटून घेऊ नकोस. मला त्या दिवशीची फक्त माझी लिंबं आठवत होती, बसभर घरंगळलेली, आणि लोक आपल्याला उचलायचं सोडून लिंबं गोळा करत होते ते. चित्रणात मात्र सगळं आहे. तू घाईघाईनं आधी चढलीस आणि खांब घट्ट धरून उभी राहिलीस. मागून मी, दोन्ही हातांत पिशव्या. दार उघडंच, आणि ड्रायव्हरनं गाडी हिसक्यानं काढली. मी मागे कलंडले, त्या उघड्या दाराकडे. मी वकीलबाईला म्हटलं, पुन्हा लाव. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा खात्री पटली. तू खांब सोडलास. दोन्ही हातांनी सोडलास आणि माझा दंड धरलास.

काल तुझ्या लेकीचा फोन आला, रडत होती. तोच इस्त्रीवाला सोमवारी तुझ्याकडे येणार आहे, आणि तू त्याला लिहून देणार आहेस की चूक तुझी, तूच मला ओढलंस, म्हणून माझा हात मोडला. यासाठी तोंड लपवून बसलीस होय गं? वेडी कुठली. तू ओढलंस हे अगदी खरं आहे. आत ओढलंस. हात मोडला तो बसमध्ये मोडला, नाहीतर मी रस्त्यावर असते आणि आज हे बोलायला कुणी नसतं. सोमवारी सही करू नकोस. शनिवारच्या बसनं ये, दोन्ही तिकिटं घेऊन ये. तुझ्या गुडघ्याचा दावा तुझा स्वतःचा आहे, सहा आठवडे उरलेत, वकीलबाई वाट बघतेय. आणि तिकिटं हरवली असली तरी ये. कोर्टात जायच्या बसमध्ये या वेळी मी आधी चढेन, खांब मी धरेन आणि तू मला धर. नातीनं हे पत्र मला बोट ठेवून वाचून दाखवलंय. ओळी मी मोजल्यात, एकही गाळलेली नाही. खाली अंगठा आहे तो उजवा, प्लास्टरमधून सुटलेला. कंपनीला मिळाला नाही, तो तुला.

तुझीच,
शेजारच्या खुर्चीतली काजंवाली