मागच्या दिव्यातले तीन तांदूळ

लोणावळा, शुक्रवार दुपार

आदरणीय व्याही जानूराव यांना श्रीपतीचा मानाचा जय भीम. विहीणबाईंनाही सांगावा. बोधगया, सारनाथ, लुंबिनी सगळं पाहून परवा टाकव्याला सुखरूप पोचलात, असं आपल्या सूनबाईनं, म्हणजे माझ्या यशोधरेनं कळवलं. बरं वाटलं. (खरं सांगायचं तर आणखी आठ दिवस फिरला असतात तरी माझी हरकत नव्हती. कारण पुढं येईलच.) इकडे सगळे खुशाल. आमच्या सौ. शकुबाईचा खोकला उतरला. आपल्या दोघांची नात रेणुका गणितात वर्गात दुसरी आली. यशोधरा कामावर जाताना रोज सकाळी तिला आमच्याकडं सोडते, तशीच अजून सोडते. माझा गुडघा मात्र पंधरा दिवस धरलाय, त्यामुळे तिला शाळेत स्कूटरवरून सोडणं बंद आहे. आजा-नात चालत जातो. पत्र टपालात न टाकता संध्याकाळी टाकव्याला जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती देतोय, आणि मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. गेल्या वर्षीच आपलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उगाच ताण नको. फोनच करणार होतो, पण मी फोनवर बोलायला लागलो की शकुबाईला नेमकी माझ्या शेजारी बसूनच भाजी निवडायची असते. आणि काही गोष्टी आपला आवाज आपल्याच कानांवर न पडता सांगितलेल्या बऱ्या.

विषय आपल्या गाडीचा. यात्रेला निघताना आपण किल्ली माझ्या हातात दिलीत आणि एकच काम सांगितलंत, की एक दिवसाआड गाडी चालू करायची आणि अंगणातल्या अंगणात जरा मागंपुढं करायची. मी तेवढंच केलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण पहिल्याच सकाळी गाडीसमोर उभा राहिलो, तर पुढचे दोन्ही दिवे मला धुरकट दिसले. आता आपल्याला माहीतच आहे, मी चौतीस वर्षं रेल्वेत दिव्यांवर काढली. सिग्नलचे दिवे, हातदिवे, गाडीच्या शेवटच्या डब्याला लावायचा लाल दिवा, सगळे माझ्या हातून गेले. खंडाळ्याच्या घाटात धुकं उतरलं की ड्रायव्हरचा सगळा भरवसा माझ्या काचेवर. (निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात म्हटलं होतं, की श्रीपतीनं पुसलेल्या काचेत माणसानं भांग पाडावा. हे मी आपल्याला लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतं, बारशालाही सांगितलं होतं. आज तिसऱ्यांदा सांगताना जीभ अडखळते.) अशा माणसाच्या अंगणात धुरकट दिव्यांची गाडी उभी, तीही व्याह्यांची! मला राहवेना.

आमची रेल्वेची रीत अशी, की चुलीतली राख चाळून घ्यायची, रॉकेलमध्ये कालवायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं काच गोल गोल घासायची. रॉकेल आता मिळत नाही, पण माळ्यावर एक बाटली मी जपून ठेवली होती. दोन तास घासलं. तरी धुरकट. रेणुका शाळेतून आली आणि म्हणाली, "आबा, स्वच्छ तर आहेत." मी तिला म्हटलं, बाळ, दिवा बघायला नजर लागते. (हे वाक्य लक्षात ठेवावं, ही विनंती.) दुसऱ्या दिवशी पुन्हा राख, पुन्हा रॉकेल. तिसऱ्या दिवशी शकुबाई ओट्यावरून ओरडली, "आवं, लोकाची गाडी हाय ती! यवढं घासायला तो काय तांब्या हाय व्हय?" बायकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची माझी टाप नाही.

चौथ्या दिवशी दिव्यावर हात फिरवला, तर खसखशीवर फिरवल्यासारखा लागला. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि नाक्यावरच्या बजरंग गॅरेजवाल्याला बोलावून आणलं. त्यानं एकदा दिव्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. म्हणाला, "आबा, ही काच न्हाई, पलाष्टिक हाय. राख लावून वाटोळं केलंत की वो!" तो आणखीही काही बोलला, ते आत्ता महत्त्वाचं नाही. चरे घालवायचे तर बाराशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा, असं त्यानं सांगितलं. मी दुकानातून पेपर आणला आणि मन लावून फिरवला. झालं असं, की तो बाराशेचा नव्हता, एकशेवीसचा होता. म्हणजे ज्यानं सुतार चौकटी घासतात तो. (हल्ली मालावरची छपाई फार पुसट असते. कंपन्यांना कोणी विचारत नाही.) सध्या आपल्या गाडीचे पुढचे दिवे न्हाणीघराच्या खिडकीच्या काचेसारखे दिसतात. उजेड आत जातो-येतो, पण पलीकडचं कुणाला काही दिसत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आपल्यासमोर निदान उभा तरी राहिलो असतो. पण त्याच आठवड्यात मागचा डावीकडचा दिवा तडकला. इथं माकडांचा किती ताप आहे ते आपण जाणताच. वरून परतीचा पाऊस कोसळला आणि दिव्यात पाणी भरलं. आता रेल्वेच्या माणसाला मागचा लाल दिवा म्हणजे काय ते आपल्याला काय सांगू! शेवटच्या डब्याचा तो दिवा दिसल्याशिवाय गाडी पुरी आली असं आम्ही मानतच नाही. मी दिवा खोलला, पाणी ओतलं. पण आत दमटपणा राहिला. रेणुकानं सांगितलं, की मोबाइल भिजला की आई तो तांदळात ठेवते. मला पटलं. आमच्याकडं तांदूळ एकच, आपण धाडलेला इंद्रायणी. दिवा त्या डब्यात दोन रात्री पुरून ठेवला. तो पुसताना मी रॉकेलचंच फडकं वापरलं होतं, हे शकुबाईला रविवारी पाहुण्यांच्या पंगतीत कळलं. आपल्या इंद्रायणीचा वास आळीभर जातो म्हणतात, तो त्या दिवशीही गेला. पाहुणे पहिल्या घासालाच थांबले.

मग सिलिकॉनची नळी आणून दिवा चहूबाजूंनी घट्ट बंद केला. (खालच्या बाजूला हवेसाठी एक बारीक भोक असतं म्हणे. तेही बुजवलं. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.) शकुबाईला गाडीत बसवून ब्रेक दाबायला लावला आणि रेणुकाला मागून बघायला सांगितलं. ती म्हणाली, दिवा लागतोय, पण आत तीन तांदूळ आहेत. आता आत वाफ धरते आणि ते तीन दाणे फुगून टपोरे झालेत, असं ती रोज सकाळी येऊन सांगते. तांदूळ होते म्हणून बरं, सालासकट भात असता तर एव्हाना रोप वर आलं असतं.

जानूराव, मला फार लाज वाटते. आपण विश्वासानं गाडी सोपवलीत, आणि ज्या एका कामाचा मी जन्मभर तोरा मिरवला त्यातच मी माती खाल्ली. रविवारी आपण गाडी न्यायला याल, तेव्हा दिव्यांकडं पाहून जे बोलायचं ते बोला, पण शक्यतो शकुबाई घरात असताना बोला. म्हणजे मला एकदाच ऐकावं लागेल.

आपला, मान खाली घातलेला,
श्रीपती

ता. क. : माकडांबद्दल जे लिहिलं ते मागं घेतो. त्यांनी काही केलं नाही. गाडी मागं घेताना मी फाटकाच्या खांबावर आपटली. तो खांब मी माझ्या हातानं बांधलाय, सत्तावीस वर्षं तिथंच आहे, आणि मला दिसला नाही.

आणखी एक ता. क. : बजरंग जे बोलला ते आता सांगतो. म्हणाला, "आबा, ह्ये दिवे म्याच बशिवलेत म्हयन्यापूर्वी. कोरे करकरीत व्हते." म्हणजे धुरकट दिवे नव्हते, मी होतो. गेलं वर्षभर असं होतंय. पॉलिश पेपरची छपाई चांगली ठसठशीत आहे. हे मोठं अक्षरही माझ्याचसाठी. रेल्वेत दर तपासणीला डोळ्यांत पहिला येणारा माणूस मी, कुणाला सांगायला जीभ रेटेना. गुडघा ठणठणीत आहे. खांबाला आपटलो त्या दिवसापासून स्कूटर बंद केली, कारण ज्याला खांब दिसत नाही त्याला पोर मागं बसवायचा हक्क नाही. तर विनंती अशी, की रविवारी मला आपल्या त्या तळेगावच्या डोळ्याच्या डॉक्टरांकडं न्यावं. शकुबाईला सांगू, गाडीचे दिवे बदलायला चाललोय. यशोधरेला एवढ्यात कळू देऊ नका. कळलं तर ती रेणुकाला टाकव्याला घेऊन जाईल. त्यात तिचं काही चुकणार नाही, पण आमचं घर रिकामं होईल. आणि घाबरायचं कारण नाही, मी आपटलो तेव्हा रेणुका खांबापासून चांगली चार पावलं लांब होती.

शेवटचा ता. क. : पत्र नीट उमटलंय की नाही ते मला दिसेना, म्हणून चिकटवण्याआधी रेणुकाकडून वाचून घेतलं. तिनं शुद्धलेखनाच्या सहा चुका काढल्या, त्या सुधारल्या. मग वरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "चार पावलं नाही, आबा. मी खांबाला टेकून उभी होते. गाडी येताना दिसली म्हणून पळाले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." पंधरा दिवस नऊ वर्षांची पोर माझी अब्रू सांभाळत होती. यशोधरा आता पाचला तिला न्यायला येईल, तेव्हा तिला मीच सगळं सांगतो. आपण रविवारी नका येऊ. उद्याच या.