दोन मशिनी आणि एक स्थळ

२ नोव्हेंबर १९९८, सातारा
आमच्या वधू-वर सूचक केंद्रात क्रांती. साताऱ्याचा माझा कॉम्प्युटर आणि सांगली शाखेचा, म्हणजे मेहुण्याचा, राजरत्नचा, आजपासून फोनच्या तारेने जोडले. रोज सहाला फायली आपोआप जुळणार. नियम सोपा: जिच्यावर सेव्ह केल्याची नंतरची वेळ, ती फाइल खरी. दुसरीने मुकाट तिच्यासारखं व्हायचं.

३ नोव्हें.
आदेश काढला. एकमेकांना फोन बंद, जे असेल ते फाइलीत. राजरत्न म्हणाला, "दाजी, अर्जंट असलं तर?" अर्जंटसाठीच तर कॉम्प्युटर घेतला, म्हटलं.

५ नोव्हें.
ऑफिसचं घड्याळ मी कायम अर्धा तास पुढे ठेवतो. त्याशिवाय इथे कुणी वेळेवर येत नाही. मीसुद्धा. आज कॉम्प्युटरचं घड्याळही पुढे केलं. शिस्त सगळ्यांना सारखी.

९ नोव्हें.
सांगलीच्या ज्या मुलीच्या लग्नात परवा जेवून आलो, ती फाइलीत अजून उपवर! राजरत्न नोंदीच करत नाही. मी मात्र रोज जुळणीआधी फाइल उघडतो, नजर फिरवतो, सेव्ह करतो. बायको म्हणाली, माझ्या भावाला आळशी म्हणायचं काम नाही. म्हटलं नाही. लिहिलं.

१२ नोव्हें.
सगळी स्थळं नाकारणाऱ्या आमच्या लेकीला, प्रियदर्शनीला, सांगलीच्या बुद्धभूषणचा फोटो आवडला! दोनदा बघितला. रविवारी बघण्याचा कार्यक्रम, सांगलीला मामाच्या घरी. फाइलीत टाकलं. आता चूक होणं अशक्य.

१५ नोव्हें., रविवार
सांगलीत राजरत्नच्या दाराला कुलूप. शेजारच्या हाजराबी म्हणाल्या, "आवं, ते पाव्हण्यास्नी घिऊन तुमच्याकडंच गेल्यात की! पोरीचं घर बघायचं म्हनं." म्हणजे त्या वेळी पाहुणे साताऱ्यात आमचं कुलूप बघत होते.


१६ नोव्हें.
आदेश मोडून राजरत्नचा फोन. "दाजी, 'कार्यक्रम साताऱ्याला' असा बदल तीनदा टाकला! मी टाकतोय, सहा वाजले की पुसतंय!" मुलाचे वडील म्हणाले म्हणे, "ज्यांना दोन मशिनी जुळवता येईनात, ते दोन घरं काय जुळवणार?" स्थळ मोडलं.
प्रियदर्शनी ऑफिसात आली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, आता याचं." दुःखात माणूस काहीही बोलतं. मी मनावर घेतलं नाही.

१७ नोव्हें.
'स्थळ मोडले' अशी नोंद राजरत्नने सांगलीत केली. सहाला जुळणी झाली. लगेच फाइल उघडली: बुद्धभूषण–प्रियदर्शनी, बघण्याचा कार्यक्रम रविवारी, सांगली. तिकडेही अक्षरशः तेच.
दोन्ही मशिनींचं एकमत आहे. मुलाकडच्यांना तेवढं कळवायचं राहिलं.