तीन पेट्या मेकेलेला पोचवण्याबाबत

मी, श्रीमती वच्छला ज्ञानेश्वर देवरे, वय वर्षे ७७, निवृत्त शिक्षिका, मूळ गाव शिंदखेडा, हल्ली मुक्काम अमळनेर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. धुळ्याच्या डॉक्टरांनी दोन महिने सांगितले, त्यातला एक संपला. अक्षर वाकडे दिसेल ते दुखण्यामुळे, डोके फिरल्यामुळे नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. अमळनेरचे राहते घर मी माझ्या पगारातून बांधले आहे. खालचा मजला मुलगा दीपक याला व वरचा मजला मुलगी ज्योती हिला द्यावा. जिना दोघांचा सामाईक राहील. दीपकला तिथे मोटरसायकल लावायची सवय आहे, ती त्याने सोडावी.

२. बँकेतील ठेवींमधून आधी कलम ५ मधील प्रवासाचा खर्च करावा, उरेल ते दोघांनी निम्मे घ्यावे. सोन्याच्या पाटल्या सून दिपमाला हिला. गेला महिनाभर ती मला आंघोळ घालते आहे आणि एकदाही तिने तोंड फिरवलेले नाही. तांब्याचा बंब स्वयंपाकाच्या कमलबाईंना.

३. माझ्या खोलीत पलंगाखाली तीन पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत प्राण्यांच्या नावांची साधारण चार हजार कार्डे आहेत. घरात त्यांना ‘आईचा कचरा’ म्हणतात, म्हणून ती काय आहेत ते लिहिते.

सन १९७३ ते १९७९ मी व माझे यजमान इथिओपियात, मेकेले गावी, सरकारी शाळेत शिकवत होतो. मी जीवशास्त्र शिकवत असे. एकदा फळ्यावर लांडगा काढला आणि पुस्तकात दिलेले अरबीतले नाव लिहिले, धिब. वर्ग हसू लागला. त्यांच्या तिग्रिन्या भाषेत जवळजवळ तोच शब्द, झिब्इ, म्हणजे तरस. अम्हारिक या तिथल्या सरकारी भाषेची शिक्षिका लेतेब्रहान दारातून ऐकत होती. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

“शब्द तोच राहिला आणि जनावर बदललं,” ती म्हणाली. “दुसरे शब्द बघायचे का?”

आम्ही बघू लागलो. हिब्रूत झेएव, लांडगा. जुन्या मिसरी भाषेत साब, कोल्हा. उंटाला अरबीत जमल, तिग्रिन्यात गमल, सोमालीत गेल, अफार लोकांत गाला. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी एकाच भाषेत जनावरे हाकली असतील आणि पांगताना नावे बरोबर नेली असतील, असे आम्हाला वाटे. पुढे कळले की विद्वानांनी हे पुष्कळसे आधीच लिहून ठेवले होते. पण लेतेब्रहान सुट्टीत डोंगरातल्या म्हाताऱ्या गुराख्यांकडून जे शब्द आणी, गाभण शेळीचा, कळपाबाहेर टाकलेल्या बैलाचा, ते मला आजवर कोणत्याही पुस्तकात सापडलेले नाहीत. निम्मी कार्डे तिची आहेत. शब्द ती सांगे, लिही मी, देवनागरीत, आणि ती लिपी तिलाही वाचता येऊ लागली होती. चौथी पेटी दीपकने २०११ साली मला न विचारता रद्दीत घातली. सगळे उंट गेले. मी त्याला तेव्हा काही बोलले नाही, आता लिहिते की ते मला फार लागले.

४. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

१९७८ साली तिथे लष्करी सरकारची धरपकड चालू होती. शिकलेली माणसे घरातून नेत आणि ती परत येत नसत. लेतेब्रहान गावाहून येत असताना नाक्यावर तिची झडती झाली. पिशवीत माझ्या हातची दोनशे कार्डे होती, गुराख्यांकडून पडताळून घ्यायला नेलेली. ती लिपी नाक्यावर कोणालाच वाचता येईना. गुप्त निरोप आहेत, असे ठरले. दुसऱ्या दिवशी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावले. दोन सैनिक उभे होते. लेतेब्रहान बाकावर बसली होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता.

सैनिकाने कार्ड माझ्यापुढे धरले. “हे अक्षर तुझं आहे का?”

कार्डावर मी लिहिले होते : तरस, मादी, पिलासह.

“नाही,” मी म्हणाले.

“ही तुमच्या देशाची लिपी आहे ना?”

“नाही. मी हे कधी पाहिलेलं नाही.”

लेतेब्रहानने माझ्याकडे पाहिले, मग सैनिकाकडे. “त्यांना कशाला विचारता? ते माझं आहे. लहानपणी बहिणीबरोबर खेळताना आम्ही ही अक्षरं तयार केली होती.”

तिला जीपमध्ये घालून नेले. मी पुढच्या तासाला बेडकाचे हृदय शिकवले.

ज्योती तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्यासाठी खोटे बोलले, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. ते खरे नाही. त्या खोलीत मला ज्योती आठवलीसुद्धा नाही. मी माझ्या जिवाला भ्याले.

वर्षभरात आम्ही परत आलो. शिंदखेड्याला माझी आई झुंबरबाई दारातच म्हणाली, “काय व्हयनं व पोरी? इतकी कशी वाळी गयी?” मी म्हटले, “काही नही माय, बठ्ठं ठीक शे.” यजमानांनाही कधी सांगितले नाही. ते गेले तेव्हाही नाही.

२०२३ साली एका जुन्या विद्यार्थिनीने फेसबुकवरून मला लेतेब्रहानच्या धाकट्या भावाचा नंबर मिळवून दिला. त्यांचे नाव गेब्रे. मी फोन केला. लेतेब्रहान सहा वर्षे तुरुंगात होती. सुटल्यावर तिने पुन्हा शाळेत शिकवले. २०२१ साली तिथे सरकारशी लढाई चालू होती, रस्ते बंद झाले, इन्सुलिन मिळेना, त्यात ती गेली.

मी विचारले, “त्या कागदांबद्दल ती काही बोलली का?”

“कोणीतरी लिहिलेले होते, एवढंच आम्हाला कळलं. आईने रडून विचारलं, मी विचारलं. तिने नाव सांगितलं नाही. मरतानाही नाही. तुम्हाला माहीत आहे का, ते कोण होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

म्हणजे दुसऱ्यांदा.

त्यानंतर तीनदा फोन लावला. तीनही वेळा मी पावसापाण्याचे विचारून ठेवून दिला. पेट्या पोस्टाने पाठवल्या, त्या परत आल्या. आता माझ्याने जिनाही उतरवत नाही.

५. म्हणून ज्योती, हे तुला. मी गेल्यावर वर्षाच्या आत तू स्वतः मेकेलेला जा. पासपोर्ट काढून घे. पत्ता पहिल्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. गेब्रे यांच्यासमोर बसून कलम ४ पूर्ण वाच. तुझे इंग्रजी चांगले आहे, कुठेही मऊ करू नकोस. आई आजारी होती, तो काळ वाईट होता, असे काही मध्ये घालू नकोस.

नंतर पेट्या त्यांच्या हवाली कर. त्यांना त्या एखाद्या विद्यापीठाला द्याव्याशा वाटल्या तर वर एकच नाव घालावे, लेतेब्रहानचे. त्यांनी तुला घराबाहेर काढले तर मुकाट्याने बाहेर ये. आणि पेट्या जाळून टाका म्हणाले, तर काडी तू लाव. त्यांना लावायला लावू नकोस.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमचे शेजारी, कापडाचे व्यापारी श्री. पुखराज ओस्तवाल यांनी करावी. काल त्यांना हे वाचून दाखवले. त्यांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, “अक्का, आज फोन लावायचा का? मी बसतो इथं.”

मी हो म्हणाले. त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे रिंग वाजली, गेब्रे यांचा आवाज आला, आणि मी फोन पुखराजभाऊंच्या हातातून घेऊन बंद केला. सबब कलम ५ कायम समजावे.

अमळनेर, दिनांक १७ फेब्रुवारी २०२५

(सही) वच्छला ज्ञानेश्वर देवरे

आम्हा दोघांच्या समक्ष श्रीमती देवरे यांनी वरील मजकूर वाचून सही केली व त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.
साक्षीदार १ : (सही) डॉ. मनन कोटेचा, अमळनेर
साक्षीदार २ : (सही) श्रीमती लताबाई महाजन, निवृत्त शिक्षिका, अमळनेर